नवरीकडची माणसं

बजाबाईला नवल वाटायला फार काही लागत नसे. तोटी फिरवली की पाणी येतं, ह्या गोष्टीचं तिला सोलापुरात चार वर्षं काढल्यावरही अप्रूप होतं. भांडं भरलं की ती तोटी बंद करायची आणि गाईच्या पाठीवर ठेवावा तसा नळावर हात ठेवायची. बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. हसोत बापड्या! बहात्तरच्या दुष्काळात जिनं आटलेल्या विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरलं, तिनं नळाला हात लावला तर कुणाचं काय गेलं?

पण तिच्या सगळ्या नवलांत मोठं नवल एकच, आणि ते तिनं सोलापुरात पाऊल ठेवलं त्याच दिवशी बघितलं.

बजाबाई वेळापूरची. नवरा लवकर गेला, तशी पदरातली पोरगी घेऊन भावाच्या घरी आली. भावाचं नाव कुंडलिक. माणूस वाईट नव्हता, पण दुष्काळानं भल्याभल्यांची नियत पातळ केली, तशी त्याचीही केली. घरातली ज्वारी तळाला गेली तेव्हा त्यानं ठरवून टाकलं की भाची एका बिजवराला द्यायची आणि एक तोंड कमी करायचं. शेवंता तेव्हा चौदा वर्षांची होती आणि तो बिजवर बजाबाईपेक्षाही थोराड होता. बजाबाई पहाटे उठली, पोरीला उठवलं, आणि मिळाली ती यष्टी धरून सोलापूर गाठलं. आयुष्यात तिनं स्वतःच्या मनानं केलेली ती पहिली गोष्ट. भाऊबंदांत बोभाटा झाला, कुंडलिकची मान खाली गेली, आणि तेव्हापासून त्यानं बहिणीचं नाव टाकलं.

तर यष्टीतून उतरली, तो दिवस नेमका भोगीचा. बघते तर आख्खं गाव पांढऱ्या कपड्यांत एकाच दिशेला निघालेलं. तिनं एका बाईला विचारलं, कुठं निघालाय? बाई म्हणाली, लग्नाला. कुणाच्या? देवाच्या. आवतण कुणाला? आगं, समद्यांना!

सोलापूरकराला ह्यात काही सांगायची गरज नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. एका कुंभाराच्या पोरीचा जीव सिद्धेश्वरावर जडला. देव पडला योगी, तो कुठला बोहल्यावर चढतोय! तो म्हणाला, मी काही लग्न करायचा नाही, पण माझ्या हातातल्या योगदंडाशी तुला करायचं तर कर. पोरगी तेवढ्यावर तयार झाली. आता ह्याला प्रेम म्हणा, भक्ती म्हणा की खूळ म्हणा. ते लग्न दर वर्षी भोगीला तळ्याकाठी लागतं आणि त्याला सगळं गाव अक्षता टाकायला जातं.

बजाबाईला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच कळलं की लग्न आहे आणि आवतण समद्यांना आहे. दोन दिवसांची उपाशी बाई! गर्दीत घुसली, नवरी कुठाय म्हणून टाचा उंचावून बघू लागली. नवरी काही दिसली नाही, योगदंडाच्या जागी बाशिंग बांधलेल्या उंच उंच काठ्या दिसल्या. मग एकदम चारी बाजूंनी हात वर गेले, ‘हर्र बोला हर्र’चा गजर उठला आणि तांदळाचा असा पाऊस पडला की पोरीचे केस पांढरे झाले. बजाबाई तोंडावर हात ठेवून उभीच राहिली. एवढी माणसं, आणि एकाच्या तोंडावर रुसवा नाही, मानपान नाही. तिच्या जन्मात तिनं असं लग्न बघितलं नव्हतं.

अक्षता झाल्या, लोक पांगले. बजाबाई मात्र पोरीला घेऊन पाय मुडपून जमिनीवर नीट बसली. लग्न म्हटल्यावर पंगत ही आलीच की! बसली ती बसलीच. ऊन उतरलं तरी वाढपी काही येईनात. तिथून घरी निघालेला एक मनुष्य थांबला. कपाळाला भस्माचे आडवे पट्टे, अंगात बाराबंदी, डोक्याला रुमाल. त्याचं नाव ईरप्पा. त्यानं सवयीनं कानडीत विचारलं, “ऊट आत?” बजाबाईला समजेना. मग तो मराठीत म्हणाला, जेवलात का. ती म्हणाली, न्हाय, पंगत बसायची हाय नव्हं? ईरप्पा आधी पोट धरून हसला. मग त्यानं पोरीचा चेहरा बघितला आणि त्याचं हसू जागच्या जागी राहिलं. दोघींना घरी नेलं, आणि त्याच्या बायकोनं, गंगम्मानं, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी वाढली. त्या दिवशी बजाबाईनं किती भाकरी खाल्ल्या ते गंगम्मालाच ठाऊक, आणि तिनं ते कधी कुणाला सांगितलं नाही.

ईरप्पा एका मंगल कार्यालयाची राखण करायचा. त्यानं बजाबाईला तिथंच कामाला लावलं. कार्य असलं की मागच्या अंगणात चुलीपुढं बसून भाकऱ्या बडवायच्या. हात कसा, तर भाकरी परातीत गोल फिरायची आणि तव्यावर टाकली की टम्म फुगायची. ती ईरप्पाला अण्णा म्हणायची, तो तिला बजाक्का म्हणायचा. रोज कामावर आली की त्याचा पहिला प्रश्न तोच, “ऊट आत?” तिला तेवढं कानडी पक्कं आलं. ती म्हणायची, आत, अण्णा. कधी खरं असायचं, कधी नसायचं. नसलं की त्याला बरोबर कळायचं.

अशी चार वर्षं गेली. बजाबाईनं लग्नं तर शेकड्यानं बघितली, पण सगळी मागच्या दारानं. सनई ऐकू यायची, मंगलाष्टकं ऐकू यायची, नवरी कधी दिसायची नाही. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात. हिनं लग्न पाहिलं ते धुरातून.

आणि मग शेवंताला स्थळ आलं. मुलगा सिद्धनाथ, गिरणीत कामाला, निर्व्यसनी. बाप कोंडीबा, मूळचा मोडनिंबचा, पण हयात सगळी सोलापुरात गेलेली. आई रंभाबाई. पोरगी बघितली, पसंत केली, सुपारी फुटायची वेळ आली. तेव्हा रंभाबाईनं सहज म्हणून विचारलं, तुमच्याकडची माणसं किती येतील?

बजाबाईकडची माणसं म्हणजे बजाबाई. संपली यादी. पण रंभाबाईच्या त्या विचारण्यात असा काही काटा होता, की बजाबाईच्या अंगात कुठून कोण जाणे वेळापूरच्या सगळ्या पाटीलक्या संचारल्या. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला!

“लई हायत की,” ती म्हणाली. “मोजाय बसलं तर दिस जाईल.”

कोंडीबा खूश झाला. म्हणाला, वा! आमची बाजू थोडकी हाय बाई. तवा जागा तुमीच निवडा, तुमची माणसं मावतील अशी. झालं! बाईच्या गळ्यात घोरपड पडली. तिला घाम फुटला, तो पोरीच्या आनंदाचा म्हणून लोकांनी गोड मानून घेतला.

ह्यात तिचं काय पणाला लागलं होतं, ते नीट समजून घ्या. प्रश्न चार माणसांच्या हसण्याचा नव्हता. ज्या पोरीला माहेर नाही, तिला सासरी कुत्रं विचारत नाही. तिच्या पाठीशी कुणी नाही हे एकदा कळलं की मग उठता-बसता बोलणी खावी लागतात, आणि रुसून जायला घरसुद्धा नसतं. बजाबाई स्वतः भावाच्या घरात बोलणी खाऊन बसली होती. तिला ती चव ठाऊक होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ निदान अक्षता पडेपर्यंत झाकलेली राहावी, एवढंच तिचं मागणं.

ईरप्पा बिचारा उत्साहानं तिला जागा दाखवायला निघाला. त्याला वाटलं, गावाकडं हिचा गोतावळा असेल. पहिल्यांदा त्यानं आपलंच कार्यालय दाखवलं, आणि पुढच्या दारानं नेलं. बजाबाई त्या दारातून आयुष्यात पहिल्यांदा आत गेली. आत जाताना तिनं पायातल्या वहाणा काढल्या. ईरप्पा म्हणाला, देऊळ नव्हे हे, बजाक्का. पण तिचं लक्ष कुठं होतं! वर पंखे किती, भिंतीला नवरीनं बघावा असा पुरुषभर उंचीचा आरसा, नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या. ज्या भिंतीच्या पलीकडं ती चार वर्षं धूर खात बसली, त्या भिंतीच्या अलीकडं हे सगळं होतं! ती आरशासमोर जाऊन उभी राहिली, आणि स्वतःला एवढं सबंध बघून लाजली. “आगं बया,” एवढंच म्हणाली.

मग तिनं खाली बघितलं. एवढी थोरली फरशी! ह्या फरशीवर अर्धी जाजमं नवऱ्याकडच्यांची, आणि उरलेल्या अर्ध्यावर ती एकटी. ती ईरप्पाला म्हणाली, न्हाय बा, हितं वारं लागत न्हाय.

इतक्या पंख्यांखाली!

पुढं रोज तेच. स्टेशनच्या अंगाला एक माडीवरचं होतं, तर म्हणे आमची म्हातारी माणसं जिना कशी चढतील? एका देवळाची ओवरी बघितली, ती लहान पडली. एका वाड्याचं पटांगण चांगलं सावलीचं होतं, पण तिथल्या लिंबावर कावळे फार! नाचता येईना अंगण वाकडं, अशातली गत. मोठी जागा बघितली की ती मनात रिकामी दिसायची, आणि लहान बघितली की दिलेला शब्द खोटा पडायचा. ईरप्पाचे पाय दुखले, पण त्यानं कुरकुर केली नाही. कावळ्यांच्या दिवशी मात्र त्यानं वाटेत थांबून सरळ विचारलं, बजाक्का, खरं सांग, ही माणसं हायत तरी कुठं?

बजाबाई रस्त्याच्या कडेला दगडावर बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. ईरप्पानं रुमालानं मान पुसली. मग म्हणाला, बाकी माणसं राहू देत, पण मामा तर लागतोच. तू भावाला नारळ नेऊन आवतण दे. रक्त आहे, पाघळेल.

मामाचं हे असं आहे. आमच्याकडं नवरीच्या मागं मामा उभा राहतो. बाप नसला तर एक वेळ चालतं, चुलता पुढं होतो. पण अंतरपाट धरला की हाक पडते ती मामाची, आणि त्या हाकेला ओ देणारं कुणी नसलं तर सगळ्या मांडवाला कळतं की पोरगी निराधार आहे.

बजाबाई वेळापूरला गेली. कुंडलिक ओट्यावर बसून दावं वळत होता. बहीण समोर उभी राहिली, तरी त्यानं मान वर केली नाही. तिनं नारळ पुढं केला, भाचीचं लग्न ठरलंय म्हणाली, मुलगा कसा आहे ते सांगितलं, मामा म्हणून मागं उभं राहायला ये म्हणाली. तो वळतच राहिला. मग दारात उभ्या असलेल्या बायकोला त्यानं मोठ्यानं सांगितलं, बहिणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

“तिला सांग, माझी भण दुष्काळात मेली.”

भावजय बिचारी पदर डोळ्याला लावून आत गेली. बजाबाईनं नारळ ओट्याच्या कडेला ठेवला आणि ती माघारी फिरली. आपलेच दात नि आपलेच ओठ, कुणाला सांगायचं? सोलापुरात आल्यावर ईरप्पानं विचारलं तर म्हणाली, बघतो म्हणाला. आणि खरं सांगायचं तर तिला आतून तसंच वाटत होतं. नारळ तर त्यानं परत फेकला नव्हता. बाईमाणसाची आशा, ती एका नारळावरसुद्धा जगते.

संक्रांत आठ दिवसांवर आली होती. ईरप्पासोबत ती तळ्याकडनं परतत होती. गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उभे राहत होते, आणि देवाचं लग्न लागतं तो संमती कट्टा गडी माणसं घागरीनं धूत होती. बजाबाई थांबली. दर वर्षी ती इथं यायची, अक्षता टाकायची. पण आज तिला भलताच प्रश्न पडला. तिनं विचारलं, अण्णा, त्या कुंभाराच्या पोरीकडनं लग्नाला कोन कोन आलं हुतं ओ?

ईरप्पा विचारात पडला. जन्मापासून तो हे लग्न बघत आलेला, बापाच्या खांद्यावर बसून बघितलेलं, पण हे त्याला कधी सुचलं नव्हतं. लग्न देवाचं, तेव्हा सगळे देवाकडचेच. पोरीकडचं कुणी होतं असं काही त्यानं ऐकलं नव्हतं. तसं तो म्हणाला.

“म्हंजी एकलीच हुती?” बजाबाई म्हणाली. “आन तरी येवढ्या अक्षदा?”

ती त्या ओल्या कट्ट्याकडं बघत राहिली. पाणी टाकणाऱ्यांनी तिला बाजूला व्हायला सांगितलं, तरी तिला ते ऐकू गेलं नाही. एक एकटी पोर, मागं ना आई ना बाप ना मामा, पुढं नवरा म्हणून एक काठी. आणि तिच्या डोक्यावर तांदूळ टाकायला अजून सगळं गाव येतंय, बापानं टाकले म्हणून लेक टाकतोय. ही कसली जागा म्हणायची! हिच्याहून मोठं कार्यालय कुणी बांधलंय? बजाबाईला जागा मिळाली होती. तिनं कट्ट्याला लांबूनच हात जोडले.

तशीच ती कोंडीबाच्या दारात गेली आणि म्हणाली, जागा निवडली. भोगीच्या दिवशी, देवाच्या अक्षतांच्या वक्ताला, त्याच मैदानात. माझी माणसं तितं येत्याल.

रंभाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. पौषात लग्न? पौषात कुणी जावळसुद्धा काढत नाही! ना मांडव, ना भटजी, उघड्यावर, गर्दीत? ही बाई शुद्धीवर आहे का? रंभाबाईचा पट्टा सुरू झाला तो थांबेना. कोंडीबा मात्र तंबाखू मळायचा थांबला होता. तो सिद्धेश्वराचा भोळा भक्त. तिशी उलटेपर्यंत मूल नव्हतं, देवाला साकडं घातलं तेव्हा मुलगा झाला, म्हणून नाव सिद्धनाथ. तो उठून उभा राहिला.

“देवानं पौषात लगीन केलं, त्याला आठशे वर्सं झाली,” तो बायकोला म्हणाला. “मोडलंय का?”

पण हार मानेल तर ती रंभाबाई कसली! तिनं एक अट घातली. भटजी नसला तरी देवाची संमती वाचतात तीच मंगलाष्टकं समजू, मांडव नसला तर आभाळ समजू. पण नवरीच्या मागं मामा पाहिजे. मामा नाही तर लग्न नाही. कोंडीबानंही मान डोलावली, हे मात्र रीतीचं आहे म्हणाला. बजाबाई म्हणाली, येतोय की मामा.

भोगी उजाडली. बजाबाईनं पोरीला हळद लावली, हिरवा चुडा भरला, मुंडावळ्या बांधल्या. दुपारी सगळे मैदानात पोचले. तळ्याच्या काठावर, देवळाच्या ओवरीवर, झाडांवर, गच्च्यांवर, जिकडं बघावं तिकडं माणसं. मुंगीला वाट नव्हती. लहान पोरंसुद्धा बाराबंदी घालून बापाच्या खांद्यावर बसलेली. रंभाबाई सोलापुरातच वाढलेली, पण लेकाच्या लग्नाला म्हणून आल्यावर तिला ती गर्दी निराळीच दिसली असावी. तिनं पदर सावरून डोक्यावर घेतला. देवाच्या सातही काठ्या आल्या. आभाळात गेलेल्या त्या काठ्या एकेक माणूस कमरेवर तोलून आणत होता, आणि त्या जवळ आल्या की आपोआप वाट व्हायची. एवढा लोटलेला समाज, पण काठी आली की कुणी कुणाला ढकलत नव्हतं. बजाबाईनं हे चार वेळा बघितलं होतं. तरी तिचा हात तोंडावर गेलाच.

तिचे डोळे मात्र काठ्यांवर ठरत नव्हते. ती गर्दीत लाल फेटा शोधत होती. कुंडलिकचा फेटा लाल. लाल फेटे पुष्कळ होते आणि त्यांच्याखाली दुसरीच माणसं होती.

मैदानाच्या कडेला थोडी जागा करून कोंडीबाच्या भावांनी धोतराचा अंतरपाट धरला. अलीकडं शेवंता, पलीकडं सिद्धनाथ, त्याच्या मागं त्याचा मामा. कर्ण्यातून संमतीचे शब्द ऐकू येऊ लागले आणि सगळं मैदान शांत झालं. एवढ्या माणसांची शांतता तुम्ही ऐकली आहे का? श्वास घ्यायचीही भीती वाटते. त्या शांततेत कोंडीबा हलक्या आवाजात म्हणाला, इहीणबाई, मामा कुटं हाय?

बजाबाईनं पुन्हा एकदा गर्दीवरनं नजर फिरवली. आता येईल, ह्या खांद्याआडून येईल. कुणी आलं नाही. शेवंतानं मान वळवून आईकडं बघितलं, आणि त्या पोरीच्या डोळ्यांत बजाबाईला सगळं दिसलं, पुढची पन्नास वर्षं दिसली. रंभाबाईनं ओठ मुडपले आणि ती अंतरपाटाला हात घालायला पुढं झाली.

“मामा न्हाय,” बजाबाई म्हणाली. “कुनीच न्हाय. मी खोटं बोलले. मी एकली हाय.”

वरून संमती चालूच होती. देवाचा मुहूर्त, तो काय कुणासाठी थांबतो? शेवटचं कडवं आलं होतं. इतका वेळ ईरप्पा बाजूला उभा होता. आयुष्यभर ह्या घटकेला तो कट्ट्यासमोर, पहिल्या रांगेत असायचा. आज बजाक्काच्या पोरीसाठी एवढा मागं थांबला होता, आणि हात अक्षतांनी भरून, टाचा उंचावून कट्टा दिसतोय का बघत होता. बजाबाईचे शब्द त्याच्या कानावर पडले. त्यानं टाचा खाली टेकवल्या, दोन माणसांमधून वाट काढली आणि तो शेवंताच्या मागं जाऊन उभा राहिला.

“सोदरमाव मी हाय की,” तो म्हणाला. कानडीत मामाला तसंच म्हणतात.

कोंडीबानं त्याच्या कपाळावरचं भस्म बघितलं, गळ्यातलं लिंग बघितलं. रंभाबाई बोललीच. हा लिंगायत माणूस, कानडी बोलणारा, हा हिचा भाऊ कसा होईल?

बजाबाईची भीती आता सरली होती. झाकायला मुठीत काही उरलंच नव्हतं.

“माझ्या आईच्या पोटचा भाऊ म्हनतो, भण मेली,” ती म्हणाली. “ह्ये रोज इचारत्यात, जेवलीस का. आता भाऊ कंचा, ते तुमीच सांगा.”

कोंडीबानं ईरप्पाचा हात धरला आणि शेवंताच्या खांद्यावर ठेवला. रंभाबाईचा हात अंतरपाटाकडं गेला होता, तो तसाच खाली आला. आणि मग तिनं कनवटीची अक्षतांची पुरचुंडी सोडली.

त्याच क्षणी मैदान उसळलं. हर्र बोला हर्र! लाखो हात वर गेले आणि तांदूळ पडू लागला. गच्च्यांवरनं पडला, झाडांवरनं पडला, कुठल्या अनोळखी हातांतून पडला. अंतरपाट कधी दूर झाला ते कुणाला कळलं नाही. बाजूच्या बायांच्या लक्षात आलं की इथं खरोखरीची नवरी उभी आहे, तशा त्या वळल्या आणि उरल्यासुरल्या अक्षता मुठीमुठीनं शेवंतावर टाकू लागल्या. म्हाताऱ्या बाया कडाकडा बोटं मोडत होत्या. कुणी विचारलं नाही, कुणाची कोण. बजाबाई तिथंच खाली बसली आणि दुष्काळातसुद्धा जी रडली नव्हती ती हमसून हमसून रडली. रंभाबाईनं तिला बखोटीला धरून उठवलं, उठा म्हणाली, विहिणीनं असं रडू नये, मला बी रडू येतंय.

पुढं मंगळसूत्र झालं, पंगत कोंडीबाच्या दारात झाली, आणि मामाचा म्हणून कोंडीबानं ईरप्पाला आपल्या हातानं फेटा बांधला. दिवेलागणीला तो फेटा तसाच मिरवत ईरप्पा घरी आला. गंगम्माला दम्यानं बाहेर पडवत नव्हतं, म्हणून दर वर्षी नवऱ्याच्या तोंडून ती देवाचं लग्न ऐकायची. काठ्या कशा आल्या, पहिली मूठ कशी पडली, देवाचं रूप कसं दिसत होतं, सगळं बारकाईनं. आजही ती वाट बघत दारातच बसली होती. तिनं फेटा बघितला, नवल केलं, आणि नेहमीसारखं विचारलं, देवाचं लगीन कसं झालं?

ईरप्पा उंबऱ्यावर टेकला.

“ठाव न्हाय,” तो म्हणाला. “मी नवरीकडचा होतो.”